रक्तपेढीतलं मलेरिया कार्ड : ३५ लाख परजीवी असलेली पिशवी ‘निगेटिव्ह’ कशी निघते

पाचपैकी तीन तारे. दवाखान्यात तापाने फणफणलेल्या पेशंटसाठी हेच कार्ड वापरलं तर चार देऊ. एक तारा कुठं गळला, ते खाली येईलच.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या कार्डाचं नाही. एचआरपी-२ आणि पीएलडीएच या दोन अँटिजेनवर (म्हणजे मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनांवर) चालणारी, ‘पीएफ-पीव्ही’ किंवा ‘पीएफ-पॅन’ नावाने विकली जाणारी सगळी रॅपिड कार्डं यात धरली आहेत. पीएफ म्हणजे फाल्सिपेरम आणि पीव्ही म्हणजे व्हायवॅक्स, या परजीवीच्या दोन जाती; पॅन म्हणजे सगळ्या जाती. डोळ्यांसमोर आहेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या रक्तपेढ्या, म्हणजे एका बाजूला भुसावळचा मे महिना आणि दुसऱ्या बाजूला धडगाव-अक्कलकुव्याचा पावसाळा. कार्डाची खरी कसोटी या दोन ठिकाणी लागते.

आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार गोळा केलेल्या प्रत्येक रक्तपिशवीवर पाच तपासण्या सक्तीच्या आहेत : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. पहिल्या तीन चाचण्यांवर पैसा, यंत्रं आणि लक्ष सगळं खर्च होतं. एलायझा आली, मग केमिल्युमिनिसन्स आलं, परवडणाऱ्या ठिकाणी नॅट (विषाणूचं न्यूक्लिइक आम्ल शोधणारी चाचणी) ही आलं. मलेरियाच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी हे कार्डच येतं, आणि तेही शिबिराच्या रात्री, सगळी कामं उरकल्यावर शेवटी.

आकडेमोड आधी

चांगलं कार्ड साधारणपणे एका मायक्रोलिटर रक्तात १०० ते २०० परजीवी असले की भरवशाने रेष दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ ते २०१८ या काळात फेऱ्याफेऱ्यांनी कार्डांची जी तुलनात्मक चाचणी करवून घेतली, तिच्यातही खालची पातळी होती ती २०० परजीवी प्रति मायक्रोलिटरचीच. निकष ठरवताना विचार होता तापाच्या पेशंटचा. थंडी वाजून ताप भरलेल्या माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे हजारो परजीवी सापडणं नेहमीचं आहे, तेव्हा २०० ची मर्यादा त्याला पुरते.

रक्तदाता मात्र तापाने आलेला नसतो. तो धडधाकट असतो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असतं, तापमान नॉर्मल असतं, म्हणून तर आपण त्याला टेबलावर घेतो. अशा माणसाच्या अंगात मलेरिया असलाच तर तो लपून बसलेला, कमी संख्येचा. समजा मायक्रोलिटरमागे १० परजीवी. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत साडेतीन लाख मायक्रोलिटर रक्त असतं, म्हणजे त्या पिशवीत ३५ लाख परजीवी झाले. कार्डावर आपण त्यातलं ५ मायक्रोलिटर टाकतो, त्यात आले पन्नास. रेष उमटत नाही आणि रजिस्टरवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. तिकडे पेशंटला लागण व्हायला दहाएक परजीवीसुद्धा पुरतात असं मानलं जातं.

खोक्यावर छापलेली ९९ टक्के संवेदनशीलता खोटी नसते, ती तापाच्या पेशंटवर मोजलेली असते. रक्तपेढीसाठी कार्ड घेताना तो आकडा सरळ बाजूला ठेवावा.

फ्रीज काय करतो आणि काय करत नाही

‘पिशवी चार अंशाला ठेवली की मलेरियाचे जंतू मरतात’ हा समज नातेवाइकांमध्ये तर आहेच, वॉर्डातल्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतो. तो अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यानेच घातक.

फाल्सिपेरमचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो तसा त्या पेशीचा पृष्ठभाग बदलत जातो आणि ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. त्यामुळे वाहत्या रक्तात सापडतात ते मुख्यतः कोवळे, अंगठीच्या आकाराचे परजीवी, स्लाइड वाचणाऱ्यांच्या भाषेत ‘रिंग’. आता गंमत पाहा : गारठा सगळ्यात जास्त सोसतात त्याही या रिंगच. मोठे झालेले ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट थंडीत लवकर मरतात, रिंग तग धरतात. प्रयोगशाळेत एकाच वयाचे परजीवी मिळवायचे असतील तर कल्चर थंड करून ठेवण्याची युक्ती याच गुणावर चालते. म्हणजे हाताच्या शिरेतून पिशवीत जी अवस्था येते, नेमकी तीच फ्रीजमध्ये टिकणारी असते. पिशवीतला सीपीडीए द्रव तांबड्या पेशी ३५ दिवस जगाव्यात म्हणून घातलेला असतो, ३५० च्या पिशवीत ४९ मिलिलिटर. पेशी जगली की तिच्या आत बसलेल्यालाही आसरा मिळतो.

संख्या घटते हे खरं. दिवसागणिक परजीवी मरत जातात, आणि रक्तातून मलेरिया गेल्याच्या नोंदी चाळल्या तर बहुतेक वेळा रक्त पाच दिवसांच्या आतलं होतं असं दिसतं. दोन आठवड्यांच्या पुढच्या पिशवीतून लागण होणं दुर्मीळ, पण फाल्सिपेरमच्या बाबतीत १९ दिवसांपर्यंत साठवलेल्या रक्तातून ती झाल्याचीही नोंद आहे. आता वरचाच हिशेब पुढे न्या. ३५ लाखांपैकी हजारात एकच परजीवी जिवंत राहिला, म्हणजे ९९.९ टक्के मेले, तरी साडेतीन हजार उरतात.

आणि इतकं जुनं रक्त खान्देशातल्या रक्तपेढीत असतं कुठं? उन्हाळ्यात तुटवडा इतका की पिशवी आज आली, तपासली आणि दोन-चार दिवसांत वॉर्डात गेली. फ्रीजमध्ये कालावधीने मिळणारा थोडाफार फायदा इथं हातात पडतच नाही.

त्यात भर ‘ताजं रक्त द्या’ या आग्रहाची. थॅलेसेमियाच्या लेकरांना आणि सिकलसेलच्या पेशंटना तांबड्या पेशी जास्त दिवस टिकाव्यात म्हणून शक्यतो सात दिवसांच्या आतली पिशवी देतात, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यही आहे. पण मलेरियाच्या दृष्टीने तीच सगळ्यात जोखमीची पिशवी, आणि ती पुन्हा पुन्हा जाते त्याच लेकरांना. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेल वाहकाला फाल्सिपेरमचा गंभीर आजार सहसा होत नाही, परजीवी मात्र त्याच्याही अंगात शिरतो. असा वाहक ताप नसताना दाता म्हणून येऊ शकतो. (वाहकाची पिशवी ल्युकोसाइट फिल्टरमध्ये अडकते हा वेगळा त्रास. फिल्टर मध्येच तुंबला तर दात्याची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेल ओळखणारी) करून घ्यावी.) ल्युकोसाइट फिल्टरने मलेरिया गाळला जातो असंही काहींना वाटतं. फिल्टर पांढऱ्या पेशी अडवतो, परजीवी तांबड्या पेशीत असतो.

घटकांचं थोडक्यात : ताजा गोठवलेला प्लाझ्मा आणि त्यातून काढलेला क्रायो यांचा धोका नगण्य, कारण गोठून वितळताना उरल्यासुरल्या तांबड्या पेशी फुटतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशाला पाच दिवस हलत्या ठेवतात, आणि पिशवीला गुलाबी झाक असेल तर तिच्यात तांबड्या पेशी आहेत हे उघड आहे. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या तांबड्या पेशींमध्ये परजीवी आरामात टिकतो. संशोधक त्याला द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात तेही अशाच रीतीने.

कार्ड वापरताना कुठं चुकतं

आता कार्डाच्या बाजूने बोलायचं तर पहिलं म्हणजे ते सोपं आहे. ५ मायक्रोलिटर रक्त, वर बफरचे (कार्डासोबत येणाऱ्या द्रवाचे) ठरलेले थेंब, आणि १५ ते २० मिनिटांत निकाल. पण रक्तपेढीत त्याचे जे खोटे निगेटिव्ह येतात, त्यातले बरेच कार्डामुळे नव्हे तर नमुन्यामुळे येतात.

सगळ्यात मोठी चूक : सीरम टाकणं. बाकी चारही चाचण्या सीरम किंवा प्लाझ्मावर होत असल्याने टेक्निशियनच्या हातात गोठलेली लाल टोपीची नळी असते आणि तिच्यातूनच कार्डावर थेंब पडतो. पीएलडीएच असतं जिवंत परजीवीच्या आत, म्हणजे तांबड्या पेशीत. पेशी खाली बसल्या आणि वरचं पाणी घेतलं तर पॅनची रेष येणार कुठून? एचआरपी-२ थोडंफार प्लाझ्मात असतं, म्हणून कधीतरी पीएफची रेष दिसते आणि ‘सीरमवरही चालतं’ असा गैरसमज पक्का होतो. कार्डाला ईडीटीए नळीतलं (रक्त गोठू न देणाऱ्या) अख्खं रक्त द्या.

दुसरी चूक याच घरातली. ईडीटीए नळी रॅकमध्ये तासभर उभी राहिली की पेशी तळाला जातात. पिपेट वरवर बुडवलं तर पुन्हा प्लाझ्माच. नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करा, मग घ्या. झटका देऊन हलवू नका, फेस आला की ५ चे ३ होतात.

तिसरी, जास्त रक्त. ‘थोडं जास्त टाकलं तर बरं’ असं म्हणत १०-१५ मायक्रोलिटर टाकलं की पट्टीची पार्श्वभूमी लालभडक राहते आणि फिकी रेष त्यात बुडून जाते. फिकी रेष तर आपल्याला हवीच असते, दात्याच्या रक्तात गडद रेष फारशी येतच नाही.

चौथी, वेळ. शिबिराच्या रात्री पन्नास-साठ कार्डं ओळीने मांडली की पहिलं कार्ड वाचायला पाऊण तास होतो. अर्ध्या तासानंतर दिसणाऱ्या रेषेवर विश्वास नाही, आणि दहा मिनिटांत घाईने वाचलेल्या निगेटिव्हवरही नाही. दहा-दहाची फेरी करा, प्रत्येक कार्डावर पेनने वेळ लिहा, टायमर लावा. ट्यूबलाइटखाली, कार्ड हातात तिरकं धरून वाचा. कितीही फिकी असली तरी रेष ती रेष : पिशवी बाजूला. कंट्रोलची रेष नसेल तर कार्ड बाद, निगेटिव्ह नव्हे.

बफरच्या बाटलीचं एक : दुसऱ्या लॉटची (म्हणजे दुसऱ्या वेळी बनलेल्या मालातली), दुसऱ्या कंपनीची बाटली ‘सगळ्यांचं सारखंच असतं’ म्हणून वापरू नका. थेंबांची संख्या कार्डागणिक वेगळी असते, माहितीपत्रक भिंतीवर चिकटवून ठेवा.

मे महिना

कार्डाच्या खोक्यावर ४ ते ३० अंश लिहिलेलं असतं, काहींवर ४० पर्यंत. भुसावळ-जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि हा आकडा बाहेरच्या सावलीतला. पत्र्याच्या छताखालच्या स्टोअरमध्ये, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येणाऱ्या पार्सलात काय होत असेल ते सांगायला नको. एसी रात्री बंद होतो आणि तपासणीच्या खोलीतले ३० अंश पहाटेपर्यंत टिकत नाहीत, हेही लक्षात घ्यावं.

उष्णतेने आधी जाते ती पीएलडीएचची रेष. एचआरपी-२ त्यामानाने काटक. परिणाम असा की उन्हात तापलेलं कार्ड फाल्सिपेरम दाखवत राहतं, व्हायवॅक्स सोडून देतं. कंट्रोलची रेष मात्र ठणठणीत येते, कारण ती फक्त द्रव पट्टीवरून पुढे सरकला एवढंच सांगते. कार्ड परजीवी पकडण्याच्या अवस्थेत आहे की नाही याचा तिला पत्ता नसतो. आमच्या मते या कार्डाची सगळ्यात मोठी उणीव हीच. बिघडलेलं कार्ड स्वतः बिघडल्याचं सांगत नाही.

पाकिटातली सिलिका जेलची पुडी रंग बदललेली असेल तर ते कार्ड फेका, ओल शिरलेली आहे. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर गोठणार नाही असा कप्पा निवडा. बाहेर काढल्यावर पाकीट बंद ठेवूनच अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीवर दव धरतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे जास्त. फोडलेलं पाकीट ‘उद्याला’ ठेवायचं नाही.

लॉट तपासायचा कसा

यंत्राशिवाय करता येण्यासारखं आहे, पण फार थोडे करतात. शेजारच्या पॅथॉलॉजीकडून स्लाइडवर खात्री झालेला फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्सचा एकेक ईडीटीए नमुना मिळवा, उपचार सुरू होण्याआधीचा. जाड थेंबाच्या स्मिअरवर (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तावर) २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत दिसलेले परजीवी मोजा. पेशंटची पांढऱ्या पेशींची खरी संख्या असेल तर ती वापरा, नसेल तर ८,००० धरा. २०० पेशींमागे ५०० परजीवी म्हणजे मायक्रोलिटरला २०,०००. आता निगेटिव्ह दात्याचं ओ गटाचं अख्खं रक्त घ्या, नमुन्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं त्याच्या पेशींना चिकटायचा प्रश्न राहत नाही. ९०० मायक्रोलिटरमध्ये १०० नमुना टाकला की २,०००, त्यातलं १०० पुन्हा ९०० मध्ये टाकलं की २००. दोन्ही पातळ्यांचे ५०-५० मायक्रोलिटरचे भाग बारीक नळ्यांत भरून प्लाझ्माच्या डीप फ्रीजरमध्ये, वेगळ्या बंद डब्यात, ठळक लेबल लावून ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. पीएलडीएच जास्त दिवस टिकवायचं तर उणे ७० ची सोय लागते, तेव्हा व्हायवॅक्सचे नमुने वेळोवेळी नव्याने बनवा.

नवा लॉट आला की दोन कार्डांवर २००, एकावर २,०००, एकावर निगेटिव्ह रक्त. २०० ला रेष आलीच पाहिजे. नाही आली तर माल परत. हीच चाचणी मेच्या शेवटी, उन्हाळा काढलेल्या कार्डांवर पुन्हा करा.

एचआरपी-२ ची बदनामी

उपचारानंतरही एचआरपी-२ रक्तात काही आठवडे रेंगाळतं, म्हणून ताप उतरलेल्या पेशंटमध्ये कार्ड उगाच पॉझिटिव्ह दाखवतं, ही दवाखान्यातली कायमची तक्रार. रक्तपेढीत हाच दोष गुण ठरतो. नियमाने मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने रक्त घ्यायचं नाही. ज्याने महिन्यापूर्वीचा ताप फॉर्मवर लिहिलाच नाही, त्याला एचआरपी-२ ची रेष पकडून देते. म्हणून फक्त पीएलडीएचची कार्डं रक्तपेढीसाठी घेऊ नयेत, आणि फक्त एचआरपी-२ चीही नाहीत, कारण व्हायवॅक्स पूर्ण सुटेल. एचआरपी-२ चं जनुकच हरवलेले फाल्सिपेरम भारतातही सापडले आहेत. तिथं दुसरी रेष कामी येते, पण ती पॅन असेल तरच. ‘पीव्ही’ ची रेष फक्त व्हायवॅक्स ओळखते. आमची पसंती ‘पीएफ-पॅन’ ला.

पण साठवलेल्या पिशवीच्या बाबतीत या रेषेचा उलटा अर्थ काढू नका. पंधरा दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या पिशवीच्या नळीतलं रक्त कार्डावर टाकून ‘अजून पॉझिटिव्ह आहे, म्हणजे जिवंत आहे’ किंवा ‘रेष फिकी झाली, म्हणजे मेले’ असं ठरवता येत नाही. अँटिजेन म्हणजे परजीवीचं प्रथिन, ते परजीवी मेल्यावरही राहतं. जिवंतपणा कल्चरनेच कळतो, आणि तो रक्तपेढीचा प्रांत नव्हे. एकदा पॉझिटिव्ह आली की पिशवी आणि तिचे सगळे घटक नष्ट करायचे.

मग जाड स्मिअर?

चांगल्या हातात जाड स्मिअर कार्डापेक्षा खाली उतरतो, नेहमीच्या कामात मायक्रोलिटरला पन्नासच्या आसपास. थेंब वाटाण्याएवढा नको, ६ मायक्रोलिटर बास. सेंटीमीटरभर गोल पसरवा, ओल्या स्मिअरखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं कशीबशी वाचता यावीत. आडवा ठेवून वाळवा, गरम करू नका, मिथेनॉल लावू नका. मिथेनॉलने तांबड्या पेशी पक्क्या होतात आणि मग काचेवर नुसता लाल चिखल दिसतो. पीएच ७.२ च्या पाण्यात ३ टक्के जिम्सा रंग, ३० ते ४५ मिनिटं. घाई असेल तर १० टक्के, दहा मिनिटं. निगेटिव्ह म्हणण्याआधी १०० फील्ड. फ्रीजमधल्या जुन्या नमुन्याचा स्मिअर करू नका, पेशी आक्रसतात, परजीवीचा आकार बिघडतो आणि धुळीचा कण प्लास्मोडियम वाटायला लागतो. नमुना घेतल्यापासून तासाभरात केलेला स्मिअर सगळ्यात चांगला.

अडचण एकच, माणूस. एका स्लाइडला दहा मिनिटं धरली तर १०० पिशव्यांच्या शिबिराला हजार मिनिटं, म्हणजे सतरा तास. गणेशोत्सवात एकाच दिवशी तीन मंडळांची शिबिरं असतात, आणि तो काळ नेमका हिवतापाच्या हंगामातला. सगळ्यांची स्लाइड शक्य नाही. पण ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची करता येते, आणि शंका कोणाबद्दल घ्यायची हे प्रश्नांनी ठरतं.

कार्डापेक्षा स्वस्त गाळणी

छापील फॉर्मवर ‘मलेरिया झाला होता का? हो/नाही’ असतं. मलेरिया या नावाने कोणाला काही आठवत नाही. टेबलावर बसलेल्या माणसाने तोंडी विचारावं : ‘भाऊ, मागच्या तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला होता का? आशाताईंनी बोट टोचून रक्त नेलं होतं का? तीन दिवसांच्या किंवा चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या का?’ गावाकडच्या माणसाला अहिराणीत ‘थंडीताप उना व्हता का?’ विचारलं की तो मोकळेपणाने बोलतो. धडगाव, तळोदा, नवापूरकडच्या दात्यांना आणखी एक प्रश्न : ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेला होतात का, परत कधी आलात? शिबिराच्या आठवडाभर आधी जिल्हा हिवताप कार्यालयाकडून त्या भागातल्या गावांची ताजी स्थिती विचारून घ्या, म्हणजे शंकेची यादी आधीच हातात असते.

यात एक मर्यादा आहेच. व्हायवॅक्स काही वर्षं अंगात राहू शकतो, प्लास्मोडियम मलेरिये या जातीचा परजीवी तर दशकानुदशकं राहिल्याच्या नोंदी आहेत. तीन महिन्यांच्या प्रश्नातून ते सुटणार.

बाकीचे पर्याय दोन ओळींत. जिथं मलेरिया नाही अशा काही देशांत दात्याची प्रतिपिंडं तपासतात. आपल्या हिवतापाच्या पट्ट्यात ती कित्येक निरोगी माणसांतही सापडतील, म्हणून बिनकामाची. अमेरिकेत २०२४ मध्ये दात्यांच्या मलेरिया तपासणीसाठी न्यूक्लिइक आम्लावरच्या चाचणीला मंजुरी मिळाली. आपल्याकडे नॅट म्हणतात त्यात मलेरिया नसतो, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगा. रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी रक्तावर प्रक्रिया करण्याचा प्रयोग घानातल्या कुमासी इथं झाला. २०१६ मध्ये आलेल्या निकालात परजीवी असलेलं रक्त मिळालेल्यांपैकी लागणीचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. आकडा बोलका आहे, पण तालुक्याच्या गावी ते यंत्र यायला वेळ आहे.

रक्त दिल्यानंतर

रक्त चढवताना किंवा पुढच्या काही तासांत आलेला ताप वेगळा. दहा-पंधरा दिवसांनी, घरी गेल्यावर आलेला ताप रक्ताशी जोडला जात नाही. टाक्याला पू झाला असेल, टायफॉइड असेल, असंच म्हटलं जातं. गेल्या महिन्याभरात रक्त घेतलेल्या पेशंटला ताप आला तर मलेरियाची स्लाइड आणि कार्ड दोन्ही करावं. प्रसूतीनंतर रक्त मिळालेल्या बाईला आणि सिकलसेलच्या लेकराला तर अजिबात उशीर नको. रक्तातून आलेल्या व्हायवॅक्समध्ये परजीवी यकृतात दबा धरून बसत नाही, म्हणून यकृतातल्या परजीवीसाठी दिल्या जाणाऱ्या चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनची गरज नसते. ही बाब उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला, जी६पीडी (तांबड्या पेशींतलं एक विकर) कमी असलेल्या पेशंटच्या बाबतीत तर नक्कीच.

इथंच व्यवस्थेतली एक फट आहे. रक्त दिल्यानंतर दात्याचा नमुना आणि पेशंटचा नमुना सात दिवस ठेवण्याची पद्धत आहे. ताप येतो दहाव्या दिवसानंतर, तोवर नमुना फेकलेला. शंकेच्या यादीतल्या दात्यांचा एकेक जाड स्मिअर रंगवून डबीत ठेवला तर जागा लागत नाही, खर्च लागत नाही, आणि तीन महिन्यांनीही तो काढून पुन्हा पाहता येतो. लागण झाल्याचं कळलं तर त्याच दात्याचे बाकीचे घटक कुठं गेले ते शोधा आणि राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या (रक्तातून झालेल्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या) फॉर्मवर कळवा. तो कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून आहे, फॉर्म कोरे पडून राहतात.

घ्यायचं तर कसं घ्यायचं

वापरायला सोपं : पाच तारे. तापाच्या पेशंटसाठी : चार. दात्याच्या रक्तातला लपलेला मलेरिया पकडण्यासाठी : दोन. उष्णता सोसण्यासाठी : अडीच, तेही ४० अंशांपर्यंत लिहिलेल्या कार्डांना. सरासरी कशी काढायची यावर वाद घालता येईल, आम्ही तीन धरले.

मागणीपत्रात इतकं लिहा : एचआरपी-२ आणि पॅन पीएलडीएच, दोन वेगळ्या रेषा. २०० परजीवी प्रति मायक्रोलिटरला जागतिक आरोग्य संघटनेच्या तुलनेत मिळालेला गुण कागदावर दाखवावा, फाल्सिपेरमचा वेगळा आणि व्हायवॅक्सचा वेगळा. साठवण ४० अंशांपर्यंत. एका पुरवठ्यात एकच लॉट. पोचल्या दिवशी मुदत किमान बारा महिने शिल्लक. लॉट चाचणीत नापास झाला तर माल बदलून देण्याची अट. आणि पुरवठा दोन टप्प्यांत घ्या : एक मार्च संपायच्या आत, दुसरा मृगाच्या सरी पडून गेल्यावर. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवायची वेळ आलीच तर रात्रीच्या गाडीने मागवा आणि पहाटे स्टँडवर माणूस उभा ठेवा, दुपारपर्यंत खोकं पार्सल ऑफिसच्या पत्र्याखाली राहता कामा नये.